रंगाखालची रेघ

वाकडं दिसलं की त्याला राहवत नसे. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करी, मग पाणी पिई. एकदा न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना तो खुर्चीतून उठला, समोरच्या आरशाचा कोपरा बोटभर वर सारला आणि फेसासकट पुन्हा येऊन बसला. आता उरलेली दाढीही तूच करून घे, असं न्हावी म्हणाला. दुकानातली माणसं हसली आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं ओळंबा. भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव चेष्टेनं पडलं, पण त्याला ते आवडलं. आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा हे कमावलेलं नाव बरं, असं तो म्हणायचा.

धंद्यानं तो पाट्या रंगवणारा. शिंप्याची पाटी, दवाखान्याची पाटी, 'येथे गाड्या लावू नयेत'ची पाटी, चाळीस वर्षं त्यानं गावाला अक्षरं पुरवली. पट्टी लावायची नाही, दोरी मारायची नाही. शिडीवर चढायचं, श्वास धरायचा आणि वरून खाली एक रेघ ओढायची. ती रेघ अशी उतरायची की जणू वजन बांधून सोडली आहे. पुढे छापील पाट्या आल्या, हाताचं काम कमी झालं, गुडघ्यांनी शिडीला नकार दिला आणि ओळंबा घरी बसला. बसला म्हणजे सहा दिवस बसला. रविवार त्यानं बावीस वर्षांपूर्वीच नदीला देऊन टाकला होता.

आता त्या नदीबद्दल सांगितलं पाहिजे. गावाच्या खालच्या अंगाला ती कोपरासारखी वळते. वळणाच्या जरा पुढे, अलीकडच्या काठावर, एक सपाट दगड आहे, दोन माणसं पाय पसरून बसतील एवढा. त्या दगडावरून पलीकडचा उंच काठ समोरून नाही, बाजूनं दिसतो. डाव्या हाताला पाणी, मग मातीची उभी कड, कडेवर एक म्हातारं वाळुंजाचं झाड, एका रांगेत विजेचे चार खांब आणि उजव्या हाताला त्या खांबांच्या मागे चार घरं. दगडाच्या खाली लगेच दगडी बंधारा, त्यावरून पाणी पडतं. त्या आवाजात शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं, पलीकडच्या काठाची तर गोष्टच सोडा.

दर रविवारी सकाळी ओळंबा घडीचं स्टूल, लाकडी पेटी आणि पाण्याची बरणी घेऊन त्या दगडावर यायचा. फोन मुद्दाम घरी ठेवायचा. बायको म्हणायची, सवतीकडे जाताना माणूस असंच करतो. तो म्हणायचा, ही सवत तुझ्यापेक्षा कमी बोलते. पण खरं म्हणजे नदी त्याच्याशी फार बोलायची. थंडीत ती शिशाच्या रंगाची व्हायची आणि गप्प वाटायची. उन्हाळ्यात तळाचे गोटे दाखवायची, म्हातारी माणसं हसताना दात दाखवतात तशी. तेच पाणी, तेच झाड, तेच खांब त्यानं बावीस वर्षं रंगवले आणि त्याला एकही चित्र दुसऱ्यासारखं वाटलं नाही.

सहा वर्षांपूर्वी त्याची लेक त्या चार घरांपैकी तिसऱ्या घरात नांदायला गेली. सोयरीक जुळली तेव्हा बापाला मनातून केवढा आनंद झाला होता, कारण आता लेक त्याच्या चित्रातच राहायला चालली होती. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यानं तिला सांगून ठेवलं, चित्राला कुठेतरी एक लाल ठिपका लागतो, नाहीतर हिरव्याला जान येत नाही. तेव्हापासून बाप दगडावर येऊन बसलेला दिसला की लेक स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लाल फडकं टाकायची. तो ब्रश उंच करून हलवायचा, ती हात हलवायची. मग तो तिसऱ्या खांबामागे, खिडकीच्या जागी, लाल रंगाचा एक थेंब ठेवायचा. सहा वर्षांच्या प्रत्येक चित्रात तो थेंब आहे. पाच महिन्यांपूर्वी लेकीला मुलगी झाली, तेव्हा त्यानं दोन थेंब ठेवले. एक मोठा, एक मोहरीएवढा.

ज्या रविवारची ही गोष्ट, त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. पेन्सिलीनं आखणी झाली, रंग कालवले, आणि खांब रंगवायच्या आधी त्यानं सवयीनं ब्रश हातभर लांब उभा धरून एक डोळा मिटला. समोरची वस्तू किती उंच, किती सरळ, हे चित्र काढणारे असंच मोजतात. पहिला खांब ब्रशाच्या दांडीमागे झाकला गेला. दुसराही गेला. तिसरा गेला नाही. त्याचा बुंधा दांडीमागे होता आणि डोकं दांडीच्या डावीकडे, पाण्याच्या बाजूला, बाहेर आलेलं होतं.

त्यानं हात खाली घेतला, डोळा पुसला, पुन्हा धरलं. तसंच.

त्याला पहिली भीती वाटली ती स्वतःची. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कधीतरी हात जाणार, नजर जाणार, हे त्याला ठाऊक होतं. पण असं उन्हात, बसल्या जागी जाईल असं वाटलं नव्हतं. बरणीतलं पाणी बदलायला वाकला तर बरणीही तिरकी दिसायला लागली. त्या दिवशी चित्र अर्धं टाकून तो घरी आला आणि दाराच्या चौकटीला दोरी बांधून तिच्या टोकाला कुलूप लटकावलं. दोरी स्थिर झाल्यावर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यानं ब्रश उभा धरला. दांडी आणि दोरी एकमेकींत मिसळून गेल्या. दहा वेळा धरला, दहा वेळा मिसळल्या.

बायको हात पुसत बाहेर आली. कुलूप दाराला लावायचं असतं, दारात टांगायचं नसतं, असं म्हणाली. मग तिला त्याचा चेहरा दिसला.

"अगं, माझा डोळा ठीक आहे," तो म्हणाला.

"मग एवढे घाबरलात कशाला?"

"डोळा ठीक आहे म्हणूनच."

डोळा ठीक, म्हणजे खांब कललेला. खांब कलला, म्हणजे ज्या मातीत तो रोवलाय ती माती हलते आहे. आणि त्या मातीत, खांबापासून चार पावलांवर, लेकीचं स्वयंपाकघर आहे. खिडकीखाली पाळणा असतो. हे सगळं त्यानं बायकोला एका दमात सांगितलं.

जावई बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी पाळी संपवून आला तेव्हा सासरा त्याच्या दारात उभा होता. जावई मनाचा चांगला, पण चेष्टेखोर. त्यानं खांबाकडे बघितलं, मान तिरकी करून बघितलं, आणि म्हणाला, बाबा, आमच्या लग्नात पाहुणे जेवायला बसलेले आणि तुम्ही मांडवाचे बांबू सरळ करत होतात. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमचं चित्र जमेना आणि खांब वाकडा. विहीणबाई आत मशीनवर शिवत होत्या. त्या घरात बसून तीस वर्षं त्यांनी गावाचे कपडे शिवले. नवऱ्यानं विटेवर वीट ठेवून बांधलेलं ते घर, त्यांच्या हयातीत त्यातली एक वीट हलणार नाही, असा त्यांचा बोलण्याचा सूर असायचा. त्यांनी मशीन थांबवलंसुद्धा नाही. नुसतं विचारलं, व्याह्यांना चहा दिला का.

पाळण्यात नात झोपली होती. ओळंब्यानं पाळण्याच्या दोरीकडे बघितलं, मग भिंतीच्या कोपऱ्याकडे, मग पुन्हा दोरीकडे. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी तो पाणीखात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं. त्यांनी सांगितलं की कललेले खांब गावोगाव असतात. काही रोवतानाच कललेले असतात. "खांब वाकडा आहे याला अर्थ नाही. कधीपासून वाकडा आहे ते सांगा. वीस वर्षं असाच असेल तर मी काही करणार नाही. आणि सहा महिन्यांत एवढा आला असेल तर आज माणसं पाठवतो. काही पुरावा आहे?"

ओळंब्याची छाती भरून आली. बावीस वर्षांचा पुरावा त्याच्या पलंगाखाली होता. उद्या आणतो, म्हणाला, आणि घरापर्यंत जवळजवळ पळत आला.

पलंगाखालून सगळे गठ्ठे ओढले. हजारावर कागद असतील. जमिनीवर मांडायला सुरुवात केली आणि मांडता मांडता तो थांबला.

सगळ्या चित्रांत खांब सरळ होते.

बावीस वर्षांपूर्वीचे सरळ, दहा वर्षांपूर्वीचे सरळ, गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारचेही चारीच्या चारी ओळंब्यात उतरल्यासारखे. बघता बघता त्याला कळलं की हा पुरावा नदीचा नाही, त्याच्या हाताचा आहे. वाकडं दिसलं की राहवत नाही, तो हात. तसबीर सरळ करावी तसा तो खांब सरळ करत आला होता. कधी, किती, ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी गावानं त्याला नाव दिलं, त्याच गोष्टीनं त्याला आंधळं केलं होतं, आणि त्या आंधळेपणात त्याची लेक आणि नात राहत होती.

बायको कागदांच्या मधून वाट काढत आली. तिनं दोन-चार चित्रं बघितली आणि सरळ हिशेब मांडला. चित्रात आठवड्यापूर्वीपर्यंत खांब उभा आहे आणि आज कललेला आहे. हेच साहेबांना दाखवावं. साहेब घाबरतील आणि लगेच घरं रिकामी करतील. पोर वाचली म्हणजे झालं.

"खोटं आहे ते," तो म्हणाला.

"असू दे की."

त्याला नाही म्हणवलं नाही. नातीच्या जिवासाठी तो शंभर खोटी चित्रं घेऊन गेला असता. पण साहेबांनी शपथेवर विचारलं तर आपली जीभ अडखळेल आणि मग खरंही कुणी ऐकणार नाही, याची त्याला भीती वाटली. निदान आठवड्यापूर्वीचा खांब आपल्याला खरोखर सरळ दिसला होता का, हे स्वतःला विचारावं म्हणून त्यानं तो कागद उचलला आणि खिडकीच्या काचेवर धरला.

ऊन कागदातून आरपार आलं. रंग फिके झाले, आकाश विरघळलं, आणि रंगाच्या खालून पेन्सिल वर आली.

त्याची काम करायची रीत अशी होती. आधी पेन्सिल. ती घाईची, डोळा सांगेल तशी, कुठे काय आहे त्याची नुसती खूण. रंग मागाहून, सावकाश, श्वास धरून. पेन्सिल काढायचा तो डोळा, आणि रंग भरायचा तो पाट्या रंगवणारा हात. पाण्याच्या रंगाखाली गेलेली पेन्सिल पुसता येत नाही, ती तिथेच राहते. आता काचेवर त्याला दोन खांब दिसत होते. रंगाचा खांब सरळ उभा, आणि त्याच्या पोटातून तिरकी बाहेर आलेली, पाण्याकडे झुकलेली पेन्सिलीची बारीक रेघ.

डोळ्यानं बघितलं होतं. हातानं झाकलं होतं.

"मला एकेक दे," तो बायकोला म्हणाला. "जुनं आधी. तारखेनं."

तिनं एकेक कागद दिला, त्यानं एकेक काचेवर धरला. वीस वर्षांचे कागद गेले, रेघ रंगाच्या आत होती. मग दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती रंगाच्या बाहेर आली. केसाएवढी. त्या हिवाळ्यात नदीनं आपली धार थोडी पलीकडे सरकवली होती, ते त्याला आठवलं. त्या नव्या धारेचं चित्र त्यानं मोठ्या कौतुकानं काढलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात रेघ सुतळीएवढी बाहेर. या वर्षी गव्हाच्या दाण्याएवढी. गेल्या चार महिन्यांत तर प्रत्येक कागदावर ती आधीच्यापेक्षा लांब होती, आणि पहिल्या खांबाची रेघ मात्र अजून रंगाच्या आतच होती. शेवटचे कागद देताना बायको तोंडातल्या तोंडात तारखा म्हणत होती.

शेवटच्या कागदावर खिडकीच्या जागी दोन लाल थेंब होते. उन्हात ते पेटल्यासारखे दिसले. त्यानं कागद खाली घेतला.

कचेरी बंद व्हायला आली होती. तो आधी लेकीच्या घरी गेला, काखेत तीस कागद घेऊन. या वेळी जावई कामावर होता. लेक पोरीला घेऊन उभी राहिली, आणि विहीणबाईंनी आधीसारखंच मशीन चालू ठेवलं. ओळंब्यानं काही समजावलं नाही. कापडाच्या ढिगाऱ्यापलीकडच्या खिडकीवर एक कागद धरला, मग दुसरा, मग तिसरा. सातव्या कागदाला मशीन थांबलं.

विहीणबाई उठल्या, चष्मा वर केला आणि काचेशी नाक नेलं. शिंपीणबाई त्या. खडूनं आखायचं आणि मग शिवायचं, हाच त्यांचा जन्म.

"व्याही, ही तुमची खडूची रेघ," त्या म्हणाल्या, "आणि ही शिलाई."

"हो."

"शिलाई भरकटली."

"हो."

"माप खडूचं खरं असतं." त्यांनी चष्मा काढला. मग सुनेकडे न बघता बोलल्या, "स्वयंपाकघराचं दार आपण गेल्या वर्षभरात दोनदा तासून घेतलं. सुतार म्हणाला, ओल धरली."

दाराच्या खालच्या कडेला तासल्याची पांढरी लाकडी पट्टी दिसत होती, एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ओळंबा कालच त्याच दारातून आत आला होता आणि त्याला ते दिसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी लेक आणि नात ओळंब्याच्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद काचेवर धरून बघितले आणि टोपी उचलली. त्यांच्या माणसांनी काठावरचं गवत बाजूला केलं तेव्हा खाली भेग सापडली, चारी घरांच्या मागून गेलेली, हात आत जाईल एवढी. लाल-पांढरी फीत लागली. चारी घरं रिकामी करा, असं सांगितलं गेलं. शेजारी कुरकुरले, तेव्हा विहीणबाई कागद घेऊन दारोदार गेल्या आणि खडू व शिलाईचं प्रत्येकाला समजावून आल्या. मग त्याही, गाठोडं आणि मुलगा घेऊन, व्याह्यांकडे आल्या.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण नदीला घाई नव्हती. एक दिवस गेला, चार दिवस गेले. माती जागची हलली नाही. दोन खोल्यांत पाच माणसं आणि एक तान्ही पोर. विहीणबाईंना आपल्या मशीनशिवाय हात बांधल्यासारखे वाटायचे. त्या म्हणायच्या, मशीन राहू दे, निदान माझी मोठी कात्री तरी आणायला हवी होती, तीस वर्षांची कात्री, दुसऱ्या कात्रीनं माझा अंगठा दुखतो. शेजाऱ्यांपैकी एकानं बाजारात ओळंब्याला गाठून विचारलं, काय हो, अजून किती दिवस तुमच्या पेन्सिलीवर आम्ही पाहुण्यांकडे काढायचे. लोक हसले. ओळंबाही हसला, पण त्याच्या जिवाला थारा नव्हता. माती पडेल ही भीती तर होतीच. आता ती पडणार नाही, माणसं कंटाळून परत जातील आणि मग पडेल, ही त्याहून मोठी भीती त्याच्या उशाशी येऊन बसली होती. तो रोज दगडावर जायचा, ब्रश उभा धरायचा आणि परत यायचा. रंगाची पेटी उघडायचा नाही. ज्या पाण्याकडे बघून बावीस वर्षं मन निवत होतं, त्या पाण्याकडे बघताना आता त्याला कुणीतरी भिंतीपलीकडे हळूच खणतंय असं वाटायचं.

बाराव्या दिवशी दुसरा रविवार आला. बायको म्हणाली, अहो, आज तरी रंग घेऊन जा, हात कशात तरी गुंतू दे. तो गेला. फोन सवयीनं घरीच राहिला. स्टूल मांडलं, पेटी उघडली, कागदावर पेन्सिलीनं तिसरा खांब दिसेल तसा काढला, आणि या वेळी रंगही तसाच भरायचा ठरवलं. ब्रश भिजवला. रेघ तिरकी ओढायला हात तयार होईना. मनगट धरून, दात आवळून, त्यानं आयुष्यातली पहिली वाकडी रेघ ओढली.

मग मान वर केली, आणि खिडकीत लाल फडकं होतं.

आधी त्याला ते सवयीनं बरंच वाटलं, नेहमीसारखं. ब्रश उंच करायला हात निघालासुद्धा. मग हात हवेतच राहिला. घर रिकामं होतं. घर रिकामं असायला हवं होतं.

खिडकीतून लेकीनं हात हलवला. दुसऱ्या हातात काहीतरी लकाकलं. कात्री. सासूच्या अंगठ्यासाठी ती फितीखालून वाकून आत शिरली होती, दोन मिनिटांत बाहेर पडू म्हणून, आणि बाप दगडावर दिसला तेव्हा तिनं त्याच्या चित्रासाठी फडकं टाकलं होतं.

तो उभा राहून ओरडला. बंधाऱ्याच्या आवाजात त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही. त्यानं दोन्ही हात हलवले, बाहेर ये, बाहेर ये. तिनंही दोन्ही हात हलवले. तिला वाटलं, बाप खूश आहे. मग ती खिडकीतून मागे सरली, पुन्हा दिसली, काहीतरी आवरत होती. आली आहेच तर चार वस्तू घेऊन जावं, असं कुणालाही वाटतं.

ओळंब्यानं ब्रश धरला. खांबाचं डोकं दांडीपासून दोन बोटं दूर होतं. बघता बघता ते अडीच झालं. वाळुंजाच्या शेंड्यावरून पाखरं उठली.

पुलावरून जायला त्याच्या गुडघ्यांना पाव तास लागला असता. ओरडून उपयोग नव्हता, हात हलवून उपयोग नव्हता. ती पुन्हा खिडकीशी आली, बापाकडे बघितलं. त्या क्षणी त्याला एकच गोष्ट सुचली. त्यानं छातीवर हात धरला, स्टुलाला लाथ घातली, आणि दगडावर आडवा पडला.

पडला तो पडूनच राहिला. डोकं टेकलं होतं त्या बाजूला बरणी फुटली होती, पाणी कानात शिरत होतं. समोर नुसतं आभाळ. त्याला काहीच दिसत नव्हतं, आणि मान उचलून बघायची सोय नव्हती. तिनं वळून बघितलं आणि बाप उठलेला दिसला, तर ती थांबेल. म्हणून हलायचं नाही. आयुष्यभर वाकडं खपवून न घेतलेला माणूस तिथे खोटाखोटा मेलेला पडला होता आणि मनात लेकीची पावलं मोजत होता. खिडकीपासून दार. दारापासून रस्ता. रस्त्यानं पूल. एवढ्यात दारात असेल. कुलूप घालत बसली नाही ना. फडकं काढायला मागे वळली नाही ना. त्यानं साठापर्यंत मोजलं, आणि पुढचा आकडा आठवेना म्हणून पुन्हा एकपासून मोजायला लागला.

मग बंधाऱ्याच्या आवाजावरून एक आवाज आला. विहीणबाई ठाणभर कापड टर्रकन फाडतात तसा, फक्त आभाळाएवढा. दगड पाठीखाली थरथरला. त्यानंतर पाणी आपटल्याचा आवाज, मग तारा तुटल्याचा, मग भांडी पडल्यासारखं काहीतरी. थंड पाण्याचा सपकारा अंगावरून गेला.

तरी तो हलला नाही. आता हलायला हवं होतं, पण त्याला धीर होत नव्हता. मान वळवली तर काय दिसेल, हे त्याला बघायचं नव्हतं. आभाळात एकच ढग होता, त्याच्याकडे तो बघत राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

"बाबा."

ती गुडघ्यांवर बसली होती, धापा टाकत, केस तोंडावर. हातात कात्री तशीच घट्ट धरलेली.

"बाबा, कुठे दुखतंय? बोला ना. कुठे दुखतंय?"

त्यानं तिचा कात्रीचा हात धरला आणि बोटं एकेक करून सोडवली, कात्री दगडावर ठेवली. मग तिला हळूहळू दिसलं की बाप तिच्याकडे बघतोय आणि बाप रडतोय, पण त्याला काही झालेलं नाही. तिनं वळून पलीकडे बघितलं. झाड नव्हतं, तिसरा खांब नव्हता, स्वयंपाकघर नव्हतं. उरलेल्या घराला मागची बाजूच नव्हती, आणि पिवळ्या गढूळ पाण्यात लाल फडकं कुठेच दिसत नव्हतं. ती त्याच्या शेजारी दगडावर आडवी झाली, लहानपणी व्हायची तशी.

विहीणबाईंनी त्या कात्रीला पुढे कित्येक महिने हात लावला नाही.

ओळंबा नदीवर पुन्हा जायला लागला, पण जरा उशिरानं, आणि आता फोन खिशात असतो. चित्रातला काठ आता नुसती ओरबाडलेली माती आहे. त्यानं ती जशी आहे तशी रंगवायला शिकून घेतलं. पण भीती काही पुरासारखी ओसरून गेली नाही. लेक-जावयानं गावात, नदीपासून लांब, खोल्या घेतल्या, तेव्हा ज्या खोलीत नात झोपते तिथे त्यानं आढ्याला दोरी बांधून खरा पितळी ओळंबा टांगला. भिंतीवर पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढून ठेवली. रोज सकाळी चहाच्या आधी तो येतो, दोरी आणि रेघ बघतो. बायको म्हणते, अहो, नदी इथून मैलभर आहे. तो म्हणतो, हो, माहीत आहे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

नात आता उभी राहते. तिला तो पितळी गोळा फार आवडतो. परवा आजोबा बघत असतानाच तिनं त्याला थापटी मारली आणि खिदळली. गोळा रेघेच्या या बाजूला गेला, त्या बाजूला गेला. आजोबांनी दाराची चौकट धरली आणि तो थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.